मुखवट्यात भोंगा नव्हता: त्या ग्रीक नाटकाच्या फॉरवर्डला उत्तर

दरवर्षी २७ मार्च आला, जागतिक रंगभूमी दिन, की ती पोस्ट उगवतेच. "ग्रीक नाटकाची ८ रहस्यं, जी तुम्हाला कुणीही सांगणार नाही." वर ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या थिएटरचा ड्रोनवरून काढलेला फोटो, खाली जोडलेले हात, शेवटी "आवडल्यास पुढे पाठवा". मागची दोन-तीन वर्षं मी बघून न बघितल्यासारखं केलं. यंदा गप्प बसवत नाहीये, कारण आमच्या हौशी ग्रुपने सोफोक्लीस ह्या ग्रीक नाटककाराचं 'अँटिगनी' बसवायला घेतलंय आणि आमच्या दिग्दर्शक दादांनी त्या पोस्टची प्रिंट काढून तालमीच्या हॉलमध्ये भिंतीवर लावलीये, वरती मार्करने "आपले नियम" असं लिहून. परवा तर मुखवट्यांच्या आत पुठ्ठ्याची नरसाळी बसवली. मी ग्रुपमध्ये दिवे सांभाळते, नट नाही, पण ती नरसाळी लावून आमचा क्रेऑन (नाटकातला राजा) बोलायला लागला तेव्हा एसटी स्टँडवरची अनाउन्समेंट ऐकतेय असं वाटलं, एक शब्द कळेल तर शपथ.

तर पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं: पहिला नट थेस्पिस २३ नोव्हेंबर इ.स.पू. ५३४ ला स्टेजवर आला. मुखवट्यात आवाज मोठा करायचा भोंगा असायचा आणि पायात फूटभर उंच बूट. एपिडॉरसला, "जिथे सोफोक्लीसची नाटकं व्हायची", तिथे टाचणी पडली तरी शेवटच्या रांगेत ऐकू येते. स्टेजवर मृत्यू दाखवायला कायद्याने बंदी होती. अ‍ॅरिस्टॉटलने तीन एकतांचा नियम घातला आणि सगळे तो पाळायचे. नट फक्त तीनच. बायकांना नाटक बघायलाही मनाई. आणि शेवटी आपल्यासाठी खास, संस्कृत नाटकातली यवनिका म्हणजे यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, भारताला दिलेला पडदा, सबब आपलं नाटक त्यांच्याकडून आलं.

आठातला एक मुद्दा बराचसा बरोबर आहे, तो कुठला ते येईलच.

"२३ नोव्हेंबर, इ.स.पू. ५३४"

५३४ हा आकडा अगदीच हवेतला नाही. पारोस बेटावर एक कोरीव दगड सापडला, इ.स.पू. तिसऱ्या शतकातला, त्यावर सालवारीने घटना लिहिल्यात आणि त्यात थेस्पिसची नोंद आहे, पण नेमका सालाचा आकडा झिजलाय. दुसरीकडे 'सूदा' नावाचा दहाव्या शतकातला बायझंटाईन कोश त्याला ६१व्या ऑलिम्पियाडमध्ये टाकतो, म्हणजे इ.स.पू. ५३६ ते ५३२ च्या मधे कुठेतरी. मग अभ्यासकांनी अंदाजे ५३४ धरलं. इथवर ठीक.

पण २३ नोव्हेंबर? अहो, अथेन्सचे महिने चांद्र, नावं वेगळी, त्यांचा मेळ आपल्या नोव्हेंबरशी तारखेवार बसवायचा कसा? आणि मुळात सिटी डायोनिशिया हा जो मोठा उत्सव, ज्यात ट्रॅजेडीची स्पर्धा व्हायची, तो एलाफेबोलियन महिन्यात असायचा म्हणजे मार्च-एप्रिल, वसंतात. त्याला कारणही होतं. हिवाळ्यात समुद्र खवळलेला, जहाजं बंद, ती वसंतात सुरू झाली की बाहेरगावचे व्यापारी, दोस्त शहरांचे लोक अथेन्सला यायचे, त्यांच्यासमोर मिरवायचं तर तेव्हाच ना. थेस्पिसचा वाढदिवस करायचाच असेल तर ही पोस्ट ज्या दिवशी फिरते तो दिवसच जास्त जवळचा, ह्यातली गंमत पोस्टवाल्याच्या लक्षात आलेली नाही.

त्याच मुद्द्यात पुढे "तो बैलगाडीवर फिरून नाटकं करायचा, बक्षीस म्हणून बोकड मिळायचा" असंही आहे. गाडीची आणि तोंडाला वाइनचा गाळ फासायची गोष्ट आपल्यापर्यंत येते होरेसकडून, बोकडाच्या बक्षिसाचा उल्लेखही त्याच्याकडे आहे. होरेस हा रोमन कवी, इ.स.पू. पहिल्या शतकातला, म्हणजे थेस्पिसनंतर पाचशे वर्षांनी. (हे नाव लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.) ट्रॅजेडी हा शब्द मात्र खरंच बोकड आणि गाणं ह्या दोन ग्रीक शब्दांचा जोड आहे. अ‍ॅरिस्टॉटलचं जे 'पोएटिक्स' आपल्या हाती आहे त्यात थेस्पिसचं नाव एकदाही येत नाही. तो म्हणतो ट्रॅजेडी निघाली डिथिरॅम्बच्या म्होरक्यांपासून. डिथिरॅम्ब म्हणजे डायोनायसस देवासाठी गोल रिंगणात नाचत म्हणायचं समूहगान, एकेका संघात पन्नास जण. अथेन्सच्या दहा टोळ्या, प्रत्येकीचा एक पुरुषांचा संघ आणि एक मुलांचा, म्हणजे वीस संघ, म्हणजे एकाच उत्सवात हजार माणसं नाचून-गाऊन जायची, आणि ही सगळी गावातली साधी माणसं, व्यावसायिक नव्हेत. ह्या रिंगणातून एकाने बाजूला होऊन उत्तरं द्यायला सुरुवात केली, नाटककार एस्किलसने दुसरा नट आणला, सोफोक्लीसने तिसरा. हे वर्षानुवर्षं चाललेलं काम आहे, एका तारखेला घडलेली घटना नव्हे.

"मुखवट्यात भोंगा, पायात उंच बूट"

हा माझा आवडता, कारण ह्याच्यामुळे नरसाळी आली.

एक तर पाचव्या शतकातला खरा मुखवटा एकही उरलेला नाही. ते कडक केलेल्या कापडाचे वगैरे असायचे, असल्या वस्तू अडीच हजार वर्षं टिकत नाहीत. आपण म्युझियमच्या फोटोत जे मोठ्ठं तोंड वासलेले मुखवटे बघतो ते दगडातले, संगमरवरातले, बहुतेक नंतरच्या आणि रोमन काळातले, सजावटीसाठी कोरलेले. सोफोक्लीसच्या जवळच्या काळातला चांगला पुरावा म्हणजे प्रोनोमोसचं भांडं, इ.स.पू. ४०० च्या आसपासचं, सध्या नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. त्यावर नाटक झाल्यावरची मंडळी रंगवलीयेत, मुखवटे हातात घेऊन निवांत उभी. मुखवट्यांची तोंडं किंचित उघडी, माणसाचं बोलताना असतं तेवढीच. भोंगा बसवायला जागाच नाही. कपडेही बघून घ्या, वेलबुट्टीने गच्च भरलेले. आपल्याकडे ग्रीक नाटक म्हटलं की सगळ्यांना पांढरी चादर गुंडाळतात त्यांनी हे भांडं एकदा झूम करून बघावं.

मग भोंगा आला कुठून? रोमन लोक मुखवट्याला 'पर्सोना' म्हणायचे. दुसऱ्या शतकातल्या ऑलस गेलियसने एका जुन्या व्याकरणकाराचं मत कौतुकाने नोंदवलंय की हा शब्द 'पेर्सोनारे' म्हणजे 'आरपार घुमणं' ह्यावरून आला, कारण मुखवट्याने तोंड सोडून सगळा चेहरा झाकला की आवाज एकाच वाटेने बाहेर पडतो आणि जास्त ठसठशीत होतो. ऐकायला छान, पण पर्सोनामधला ओ दीर्घ आणि सोनारेमधला ऱ्हस्व, व्युत्पत्ती बसत नाही. म्हणजे लॅटिन शब्दाच्या चुकीच्या व्युत्पत्तीवरून ग्रीक मुखवट्याच्या आतली बनावट ठरवली गेली आणि त्यावरून आमच्या हॉलमध्ये पुठ्ठा कापला गेला.

उलट पुरावा म्हणून एक किस्सा सांगते. इ.स.पू. ४०८, नाटककार युरिपिडीसचं 'ओरेस्टीस'. हेगेलोकस नावाच्या नटाला म्हणायचं होतं की वादळानंतर मला पुन्हा शांत समुद्र दिसतोय. श्वास कमी पडला का काय, एका शब्दाच्या शेवटचा स्वर किंचित वेगळा लागला आणि वाक्य झालं "वादळानंतर मला पुन्हा मुंगूस दिसतंय" (मुंगूस म्हणजे त्याच्यासारखंच तिकडचं एक जनावर). बिचाऱ्याचं आयुष्यभराचं हसं झालं, तीन वर्षांनी अ‍ॅरिस्टोफेनिसने 'बेडूक' ह्या कॉमेडीत त्याची परत टर उडवली. आता सांगा, मुखवट्याआडून, उघड्या मैदानात, हजारो लोकांना नुसत्या स्वराच्या चढउताराची चूक कळली. नरसाळ्यातून घुमणाऱ्या आवाजात हे कळलं असतं? ऐकू जायचं कारण नटाचा गळा. इ.स.पू. ४४९ पासून तर नाटकाच्या बक्षिसाशिवाय ट्रॅजेडीच्या नटासाठी वेगळं बक्षीस सुरू झालं होतं.

उंच बूट, तीच कथा. जाड तळव्याचे ते बूट नंतरच्या काळातले, रोमनांच्या चित्रा-मूर्तींतून आपल्या डोक्यात बसलेले. पाचव्या शतकातला कोथोर्नोस म्हणजे मऊ, सैल बूट, इतका सैल की डावा-उजवा फरकच नाही, कुठल्याही पायात घाला. अथेन्समध्ये थेरामेनीस नावाचा एक पुढारी होता, कधी लोकशाहीवाल्यांकडे तर कधी मूठभर श्रीमंतांच्या राजवटीकडे, त्याला लोकांनी नावच ठेवलं होतं कोथोर्नोस. आपल्या आयाराम-गयारामचा ग्रीक भाऊ. बूट फूटभर उंच आणि जडशीळ असता तर हा विनोद कुणाला सुचला असता? आणि नट नाचायचे, गुडघ्यावर बसायचे, धावत यायचे, ते काय स्टुलावर चढून?

"एपिडॉरस, टाचणीचा आवाज"

एपिडॉरस सुंदरच आहे, त्याबद्दल वाद नाही, ५५ रांगा आणि तेरा-चौदा हजार माणसं बसतील एवढं. पण ते बांधलं इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात. सोफोक्लीस वारला ४०६ च्या सुमाराला. म्हणजे त्याने हे थिएटर डोळ्यांनी बघितलेलं नाही. त्याची नाटकं व्हायची अथेन्सला, अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, लाकडी फळ्यांच्या बाकांवर बसलेल्या लोकांपुढे. तिथलं दगडी थिएटर झालं लायकर्गस ह्या पुढाऱ्याच्या काळात, ३३० च्या आसपास, तेव्हा एस्किलस, सोफोक्लीस, युरिपिडीस तिघंही जाऊन पाऊण शतक आणि त्याहून जास्त झालं होतं. आपण ज्या गोल गरगरीत जागेला ग्रीक थिएटर समजतो तीसुद्धा सुरुवातीला तशी असायलाच हवी असं नाही, अ‍ॅटिकामध्येच (अथेन्सच्या आसपासचा प्रदेश) थोरिकोसला जुनं थिएटर आहे त्याची नाचायची जागा सरळ कडांची, चौकोनाकडे झुकणारी. (त्या जागेला ते ऑर्केस्ट्रा म्हणायचे, नाचायची जागा. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत किशोरकुमारची गाणी. शब्द कुठून कुठे जातात.)

आणि टाचणीचं म्हणाल तर २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवन तंत्र विद्यापीठाच्या लोकांनी जाऊन रीतसर मोजमाप केलं. नाणं पडल्याचा, कागद फाडल्याचा आवाज लांबपर्यंत जाणवतो, पण तो कशाचा आहे हे ओळखू येतं ते साधारण अर्ध्या रांगांपर्यंतच. कुजबुज कळते फक्त पुढच्या रांगांना. शेवटपर्यंत शब्द पोचायला नटाने आवाज लावूनच बोलावं लागतं. जे कुठलाही नाटकवाला तुम्हाला फुकटात सांगेल.

"स्टेजवर मृत्यू दाखवायला कायद्याने बंदी"

असा कायदा नव्हता. युरिपिडीसच्या 'अल्सेस्टिस'मध्ये (इ.स.पू. ४३८) अल्सेस्टिस प्रेक्षकांसमोर, नवऱ्यामुलांचा निरोप घेऊन मरते. 'हिपोलिटस'मध्ये स्वतःच्याच रथाच्या घोड्यांनी फरफटत नेलेला हिपोलिटस उचलून आणतात आणि तो बापासमोर प्राण सोडतो. सोफोक्लीसचा एजॅक्स समुद्रकिनाऱ्यावर तलवार रोवतो, लांबलचक भाषण करतो आणि तिच्यावर झेप घेतो. मग बंदी कसली?

हां, खून बहुतेक वेळा आत होतात, हे खरं. अ‍ॅगमेम्नॉनची किंकाळी आतून ऐकू येते. पण नंतर दार उघडतं आणि एक चाकांचा पाट बाहेर ढकलला जातो, एक्किक्लेमा म्हणायचे त्याला, त्यावर प्रेतं आणि शेजारी त्याला मारणारी त्याची बायको क्लायटेम्नेस्ट्रा. ईडिपस डोळे फोडून घेतो आत, पण येतो बाहेरच, रक्ताळलेल्या चेहऱ्याने. रक्ताची शिसारी असलेले लोक असं करत नाहीत. माझ्या मते कारणं बरीचशी धंद्याची आहेत. पडदा नाही, ब्लॅकआउट नाही (उजेड सूर्याचा, माझ्यासारखीला कामच नाही!), मेलेला नट स्टेजवर पडला की त्याला उचलणार कोण आणि कधी, आणि तो तिथेच पडून राहिला तर त्याचा पुढचा रोल कोण करणार, कारण नट मोजके. वर निरोप्याचं भाषण. निरोप्या येतो आणि आत काय झालं ते शंभर ओळींत सांगतो, ही नटाला मिळालेली मेजवानी असायची, ती सोडून खोटी तलवार कोण खुपसत बसेल.

बंदीची गोष्ट कुठली म्हणाल तर आले परत होरेसराव. मेडियाने लोकांसमोर मुलांना मारू नये, असं त्याने आपल्या काव्यात नवख्या नाटककारांना सांगितलं. नाटक पाच अंकांचं असावं, चौथ्या नटाने तोंड घालू नये, हेही त्याचंच. रोमन माणसाचा रोमन लेखकांना सल्ला, त्याचा पुढे ग्रीक कायदा झाला.

आणि गंमत बघा, मृत्यू दाखवू नये असा लेखी नियम हवा असेल तर तो आपल्या घरात आहे. नाट्यशास्त्रात स्पष्ट सांगितलंय की युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराला वेढा ह्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून, म्हणजे अंकांच्या मधल्या छोट्या प्रवेशातून, कळवाव्यात. अर्थात भासाने 'ऊरुभंगा'त दुर्योधनाला प्रेक्षकांसमोरच मरू दिलं. नाटकवाले सगळीकडे सारखेच.

"अ‍ॅरिस्टॉटलच्या तीन एकता"

काळ, स्थळ, कृती. कॉलेजात मलाही हे असंच शिकवलं होतं, गाइडमध्ये चौकट करून. अ‍ॅरिस्टॉटलने जोर दिलाय तो फक्त कृतीच्या एकतेवर. वेळेबद्दल तो एवढंच म्हणतो की ट्रॅजेडी शक्यतो सूर्याच्या एका फेऱ्यात बसायचा प्रयत्न करते, ते त्याने केलेलं निरीक्षण आहे, दिलेला आदेश नाही. स्थळाच्या एकतेबद्दल तर त्याने चकार शब्द काढलेला नाही. आणि तो जन्मला इ.स.पू. ३८४ ला, सोफोक्लीस आणि युरिपिडीस जाऊन वीसेक वर्षं झाल्यावर, मग त्यांनी त्याचे नियम पाळले कसे? हे म्हणजे परीक्षा झाल्यावर पेपर सेट केला म्हणायचं.

नाटकं उघडून बघा की. एस्किलसचं 'युमेनिडीस' (इ.स.पू. ४५८) डेल्फीला सुरू होतं आणि मधेच अथेन्सला जातं. 'एजॅक्स' तंबूसमोरून किनाऱ्यावर जातं, कोरससुद्धा (गाणारा-नाचणारा समूह) मधे बाहेर पाठवून देतात. 'अ‍ॅगमेम्नॉन'मध्ये तर ट्रॉय पडल्याची खबर मशालींच्या साखळीने रातोरात येते आणि थोड्याच वेळात अ‍ॅगमेम्नॉन स्वतः समुद्र ओलांडून, वाटेत वादळात सापडून, दारात हजर. कुठल्या घड्याळात बसवणार हे?

तीन एकतांची मोट बांधली ती लोदोविको कास्तेल्वेत्रो ह्या इटालियनाने, १५७० मध्ये, आणि पुढे फ्रेंचांनी ती डोक्यावर घेतली, इतकी की १६३७ मध्ये कॉर्नेयचं 'ल सिद' तुफान चालल्यावर नियम मोडले म्हणून त्याच्यावर मोठं वादळ उठलं आणि फ्रेंच अकादमीला त्यात पडावं लागलं. तिथून इंग्लिश, तिथून आपली गाइडं. अ‍ॅरिस्टॉटलचं लाडकं उदाहरण असलेलं 'ईडिपस राजा' सुद्धा स्पर्धेत पहिलं आलं नव्हतं बरं का, पहिला आला एस्किलसचा भाचा की पुतण्या जो कोण फिलोक्लीस तो, आज त्याचं एकही नाटक उरलेलं नाही. युरिपिडीसची 'मेडिया' ४३१ मध्ये तिघांत तिसरी. स्पर्धेचे निकाल लागल्यावर आमच्या ग्रुपवर जे रडगाणं चालतं तेव्हा मी हे दोन निकाल टाकते.

"नट फक्त तीनच"

हाच तो बराचसा बरोबर मुद्दा. बोलणारे नट तीन, बाकी मुके लोक कितीही, शिवाय कोरस, आधी बारा मग पंधरा, आणि कॉमेडीत चोवीस. पोस्टवाल्याने ह्यावर एक ओळ लिहून सोडून दिलं आणि खरी मजा तर इथेच आहे.

एस्किलसच्या 'लायबेशन बेअरर्स'मध्ये बापाच्या खुनाचा बदला घ्यायला आलेल्या ओरेस्टीसबरोबर त्याचा मित्र पायलेडीस फिरत असतो, एक अक्षर बोलत नाही, प्रेक्षकांनी कधीच ठरवून टाकलेलं असणार की हा मुक्यांपैकी. मग तो क्षण येतो, ओरेस्टीसच्या हातात तलवार, समोर आई, ती छाती उघडी करून म्हणते इथे दूध प्यायलास, आणि त्याचा हात थांबतो. तो वळतो, पायलेडीस, काय करू? आणि पायलेडीस बोलतो. तीन ओळी फक्त, की मग अपोलो देवाच्या शब्दाचं काय, सगळी माणसं दुखावली तरी चालतील, देवांना दुखवू नकोस. संपलं. पूर्ण नाटकात तेवढंच. नटांची मर्यादा हत्यारासारखी वापरलीये त्या माणसाने.

दुसरं टोक म्हणजे 'ईडिपस अ‍ॅट कोलोनस'. तिथे तिघांत हिशोब जमवायचा तर थिसियसचा रोल वेगवेगळ्या प्रवेशांत वेगवेगळ्या नटांनी करावा लागतो, मुखवटा तोच, आतला माणूस बदललेला.

आणि आता आमच्या ग्रुपसाठी खास. क्रेऑनच्या रोलवरून आपल्याकडे दोन महिने जे रुसवेफुगवे चाललेत ना, त्यांनी हे वाचावं. इ.स.पू. ३४३ च्या एका खटल्यात डेमोस्थेनीस ह्या वक्त्याने आपला विरोधक ईस्किनीस, जो आधी नट होता, त्याला भर कोर्टात टोमणा मारला की बाबा तू 'अँटिगनी'त क्रेऑन करायचास, राजदंड हातात घेऊन मिरवायचं काम तिसऱ्या नंबरच्या नटाकडेच असतं. तिसऱ्या नंबरच्या.

"बायकांना बघायलाही मनाई"

स्टेजवर बायका नव्हत्या, बरोबर. बघायला मनाई, ह्याला आधार काही नाही. प्लेटोने 'लॉज' (म्हणजे कायदे) ह्या ग्रंथात कुणाला काय आवडतं ते सांगताना म्हटलंय की मोठ्या मुलांना कॉमेडी, आणि शिकलेल्या बायका, तरुण आणि बहुतेक सगळ्याच लोकांना ट्रॅजेडी. न बघता आवडायची? 'गॉर्जियस'मध्येही तो ट्रॅजेडीला बायका, मुलं, पुरुष, गुलाम, मोकळे अशा सगळ्यांपुढचं वक्तृत्व म्हणून नाक मुरडतो. पुढे जाऊया.

"यवनिका म्हणजे ग्रीकांचा पडदा"

हा मुद्दा दोन बाजूंनी फिरवला जातो, एक गट "बघा सगळं बाहेरून आलं" म्हणून आणि दुसरा "गोऱ्यांनी पसरवलेलं खोटं" म्हणून, आणि दोघांनाही मूळ वाद माहीत नसतो. आल्ब्रेख्त वेबर ह्या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ग्रीक प्रभावाची शक्यता बोलून दाखवली, १८८२ मध्ये विंडिश ह्या दुसऱ्या जर्मन अभ्यासकाने ती पद्धतशीर मांडली, आणि १८९० मध्ये सिल्व्हँ लेव्हीने, तोही गोराच, फ्रेंच, ती खोडून काढली.

सगळ्यात साधी अडचण अशी की ग्रीक थिएटरात पडदा नव्हताच. नट येतात कोरसच्या वाटेने किंवा मागच्या स्केनेच्या दारातून, स्केने म्हणजे मुळात तंबू, त्यावरूनच सीन हा शब्द आला. ज्यांच्याकडे पडदा नाही ते तुम्हाला पडदा देणार कसा? शब्द यवनांवरून आलाच असेल तर फार तर कापड परदेशी असेल. आणि तोही पक्का नाही, कारण जुन्या ग्रंथांत 'जवनिका' असंही रूप येतं, 'जव' म्हणजे वेग, झटकन सरकणारी ती. अमरकोशात आहे ना, प्रतिसीरा जवनिका स्यात्तिरस्करिणी च सा. यवनांचा य तिथे नाही.

बाकी जुळवणी करून बघा. त्यांचे बोलणारे नट तीन, आपल्या 'मृच्छकटिका'त पात्रांची जत्रा. त्यांचा कोरस सतत हजर, आपल्याकडे तो नाहीच. आपल्याकडे मुख्य पात्रं संस्कृत बोलतात आणि बहुतेक बायका, विदूषक प्राकृत, असलं काही त्यांच्याकडे नाही. पाणिनी शिलालिन् आणि कृशाश्व ह्यांच्या नटसूत्रांचा उल्लेख करतो, म्हणजे नटांचं शास्त्र त्याच्याआधी सूत्रात बांधून झालेलं होतं.

पण म्हणून ग्रीक इथे शेजारी नव्हतेच असंही म्हणू नका. अफगाणिस्तानात आय खानूमला फ्रेंचांनी उत्खनन केलं तिथे कच्च्या विटांचं पूर्ण ग्रीक थिएटर निघालं, नाटकातल्या ओळींचे अवशेषसुद्धा मिळाले. आणि एवढं लांब कशाला, कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जाता तेव्हा शेजारच्या चैत्यगृहात डोकावता का? तिथल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दानं कोरलीयेत, नावं मात्र बरीचशी देशी. म्हणजे येणंजाणं होतं, माणसं इथे मिसळली होती. त्यांच्यातल्या कुणी मावळात बसून सोफोक्लीसच्या ओळी म्हटल्याही असतील, मला आवडेल तसं झालं असेल तर. पण त्यावरून नाटकच आयात केलं म्हणायचं तर निदान एक तरी अशी गोष्ट दाखवा जी दोन्हीकडे सारखी आणि दुसरीकडे कुठेच नाही, आणि पडदा ती गोष्ट नाही.

तर दादा, भिंतीवरची प्रिंट राहू दे हवी तर, सहावा मुद्दा तेवढा गोल करून ठेवा. मुखवट्यांतली नरसाळी मात्र शनिवारच्या तालमीआधी काढा, आणि तोंडाची भोकं थोडी लहान करून आणा, मला वरून साइड लाइट टाकून बघायचाय.